कंदीलपुष्पाचा फोटो कसा काढावा: शोधण्यापासून जागा लपवण्यापर्यंत

श्रावणात सिंहगड, पुरंदर नाहीतर हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर गळ्यात कॅमेरा अडकवलेली दोन-चार माणसं गवतात डोकं खुपसून बसलेली दिसली, तर ती बहुतेक कंदीलपुष्पाच्या मागे असतात. फूल जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढं, रंग अर्धा हिरवा अर्धा जांभळट आणि भोवती उंच वाढलेलं ओलं गवत. ते सापडलं की आनंद असा होतो की पुढच्या पाच मिनिटांत भोवतालची सगळी जागा तुडवली जाते. हा लेख त्या पाच मिनिटांसाठी, त्याच्या आधीच्या तयारीसाठी आणि घरी आल्यावर त्या फोटोचं काय करायचं यासाठी आहे.

माझा क्रम ठरलेला आहे: आधी झाड, मग जागा, मग फोटो. पहिल्या दोघांना धक्का लागणार असेल तर फोटो सोडून द्यायचा. पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना या क्रमातूनच निघतात. गंमत म्हणजे त्या पाळल्या की फोटोही सुधारतात.

झाडाची ओळख आधी

कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया. काही भागांत याच्या वेगवेगळ्या जातींना हमण, खरपुडी अशी नावं आहेत. कुळ रुईचं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली ही प्रजाती, म्हणजे अनेक जातींचा हा गट, नोंदवला. आफ्रिकेपासून आशियापर्यंत ती पसरलेली असली, तरी आपल्या सह्याद्रीत तिच्या अशा कितीतरी जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठेच वाढत नाहीत. सेरोपेजिया लॉई म्हटलं की हरिश्चंद्रगड आठवतो, मॅकॅनी म्हटलं की सिंहगड-पुरंदर, ह्युबेरी म्हटलं की आंबेनळी आणि वरंध घाटातले तीव्र उतार, जैनी म्हटलं की कासच्या बाजूची पठारं. अंजनेरिका ही जात तर २००६ साली नाशिकजवळच्या अंजनेरीवरून नव्यानं नोंदवली गेली, आणि त्याच वर्षी सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरून, मोहनरामी. व्हिन्सिफोलियासारखी वेल त्या मानानं बऱ्याच ठिकाणी भेटते. नवख्यानं हात बसवायला तीच बरी. दुर्मीळ जातीवर सराव करू नये.

हे झाड वर्षातले सहा-सात महिने जमिनीखाली कंदाच्या रूपात पडून असतं. पहिल्या पावसानंतर कोंब वर येतो, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेंगा धरतो आणि वाळून नाहीसा होतो. म्हणजे तुम्हाला वर दिसतंय ते निम्मंच झाड आहे. उरलेलं तुमच्या बुटाखाली असू शकतं. कंद खाण्याजोगा असल्यामुळे माणसं उकरतात, रानडुकरं आणि साळिंदरं उकरतात. कोवळी वेल गुरं खातात. त्यात रस्ता रुंदीकरण, सड्यावरच्या खाणी आणि हल्ली पावसाळी पर्यटनाची भर. एकेका जातीची झाडं मोजक्याच जागी उरलेली असताना वीस माणसांचा एक गट चुकीच्या जागी बसला तरी नुकसान व्हायला पुरेसं आहे.

फुलाची रचनाही फोटोच्या आधी समजून घ्या, कारण कोन त्यावरच ठरतो. पाच पाकळ्यांची टोकं वर एकमेकांना चिकटून पिंजऱ्यासारखा भाग तयार होतो. त्याखाली अरुंद नळी आणि तळाशी फुगवटा. वासानं ओढल्या गेलेल्या बारीक माश्या पिंजऱ्यातून नळीत उतरतात. नळीत खाली वळलेले केस असतात, त्यामुळे आत जाता येतं, वर येता येत नाही. फुगवट्यात धडपडताना माशीच्या तोंडाला परागपुंज चिकटतो. काही काळानं केस कोमेजतात, माशी सुटते आणि दुसऱ्या फुलात जाऊन अडकते. काही जातींत ताजं फूल ताठ उभं असतं आणि माशी सोडायच्या वेळेला आडवं कलतं. तेव्हा एका वेलीवर एक उभं आणि एक कललेलं फूल दिसलं, तर दोन्ही टिपा. तो नुसता सुंदर फोटो राहत नाही, ती गोष्ट होते.

केव्हा, कोणाबरोबर

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरचा शेवट हा सर्वसाधारण काळ. पाऊस लांबला की फुलोराही मागे जातो. सकाळी सात ते साडेनऊ ही वेळ मला सगळ्यात पसंत. वारा त्या मानानं कमी, उजेड मऊ आणि वाटेवर गर्दी नाही. शनिवार-रविवार सिंहगडावर जायचंच असेल तर फोटोचा विचार सोडून पिठलं-भाकरी खाऊन यावं. रस्त्याकाठी तुम्ही गुडघे टेकून बसलात की मागे दहा जण जमतात आणि त्यातल्या एकाला फूल तोडून हातात घ्यायचं असतं.

बरोबर दोन किंवा तीन माणसं, त्याहून जास्त नकोत. त्यातलं एक वनस्पती ओळखणारं असावं.

परवानगीचं आधी बघा. हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर नोंद करा, शुल्क भरा, पावती जवळ ठेवा. अभयारण्यात झाड तोडणं, उपटणं हा गुन्हा आहे आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. कासला फुलांच्या हंगामात आधी नोंदणी करून जावं लागतं आणि आखलेल्या वाटा सोडता येत नाहीत. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ स्थळांना युनेस्कोनं २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात कास आहे. तिथे पायवाटेवरून जे दिसेल तेवढंच आपलं.

गुराख्यांना, वाटेवर ताक विकणाऱ्या मावशींना विचारायला लाजू नका. मोबाइलवर पानाचा आणि फुलाचा फोटो दाखवून "काका, ही वेल इकडं दिसते का? काय म्हणता हिला?" एवढं विचारलं की बरीच माहिती मिळते. गुरं कुठल्या उताराला जात नाहीत हेही कळतं, आणि नेमक्या त्याच उताराला झाड टिकलेलं असण्याची शक्यता जास्त. मात्र झाड दाखवण्याचे पैसे देऊ नका. झाडाला भाव आहे असं एकदा पसरलं की कोणीतरी ते कंदासकट उपटून विकायला आणेल. चहा पाजा, भाकरी त्यांच्याकडे खा, त्याचे पैसे चार जास्त द्या.

पिशवीत काय असावं

कॅमेरा असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स. झाडापासून हातभर अंतर ठेवून काम करता येतं हा तिचा खरा फायदा. ५०-६० मिलिमीटरच्या मॅक्रोनं फूल तेवढंच मोठं येतं, पण त्यासाठी तुम्हाला वेलीवर जवळजवळ ओणवं व्हावं लागतं. मॅक्रो नसेल तर ७०-२०० किंवा ७०-३०० झूमला एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, लावली तरी चालतं.

बाकीचं सामान घरातलंच. एक फिकट रंगाची मोठी छत्री: पाऊस, वारा आणि ऊन तिन्ही तिच्यावर भागतं. लाल-निळ्या छत्रीचा रंग फुलावर उतरतो, म्हणून पांढरी किंवा राखाडीच घ्या. तांदूळ भरून शिवलेली एक लहान कापडी पिशवी, कॅमेरा जमिनीलगत टेकवायला. वहीच्या पुठ्ठ्याला पांढरा कागद चिकटवून केलेला परावर्तक. पंधरा सेंटिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी. सुती फडकी दोन-तीन, सिलिका जेलच्या पुड्या, झिप असलेल्या पिशव्या. गुडघ्याखाली घ्यायला योगाच्या जुन्या चटईचा तुकडा. आणि नोंदवही, पेन्सिलसकट. पेन पावसात लिहीत नाही.

फवाऱ्याची बाटली घेऊ नका. फुलावर पाणी उडवून दवाचे थेंब करायची हौस गुलाबावर भागवावी. इथे त्या पाण्यानं नळी भरते आणि परागीभवनाचा सगळा खेळ बिघडतो. थेंब हवेच असतील तर सह्याद्रीत ऑगस्टमध्ये त्यांची टंचाई नसते.

जागेवर पोचल्यावरची पहिली दहा मिनिटं

झाड दिसलं की थांबा. पुढे पाऊल टाकू नका, पिशवी खाली टाकू नका. उभ्याउभ्या भोवतीच्या वावभर जमिनीवर नजर फिरवा. पानं ओळखीची झाली असतील तर फूल न आलेली आणखी झाडं दिसायला लागतील, कधी अगदी वाटेच्या कडेला, कधी तुमच्या टाचेपाशी. नवखे नेमके इथेच चुकतात: फुलाकडे डोळे लावून चालताना तीन कोवळी झाडं पायाखाली जातात.

मग बसायची जागा ठरवा. पहिली पसंती उघड्या कातळाला, दुसरी मळलेल्या पायवाटेला, आणि हे दोन्ही नसेल तर दाट गवताला. सड्यावर कातळावरचा मातीचा थर बोटभर असतो आणि त्यात सीतेची आसवं, गेंद यांसारखी बारीक झाडं दाटीनं वाढलेली असतात. त्यावर बसणं म्हणजे एकासाठी पन्नासांना चिरडणं. एका वेळी एकानंच झाडापाशी जावं. बाकीच्यांनी मागे कातळावर बसून राहावं, आणि आपली पाळी आल्यावर पहिला ज्या पावलांनी गेला त्याच पावलांनी जावं.

ट्रायपॉडचे टोकदार पाय, छत्रीची टोकं, वेल स्थिर करण्यासाठी रोवलेली सळई किंवा काडी, यातलं काहीही जमिनीत खुपसू नका. कंद नेमका कुठे आहे ते वरून कळत नाही. बाजारात फांदी पकडून ठेवणारे चिमटे मिळतात. तेही या झाडाला लावू नयेत. देठ इतका नाजूक असतो की चिमट्याच्या वजनानं तो मुरगळतो.

आता गवताचा प्रश्न. फुलासमोर चार पाती आडवी येतात, आणि हात आपोआप ती उपटायला जातो. उपटू नका. वेलीला तेच गवत आधार देतं आणि गुरांच्या नजरेपासून तेच लपवतं. तुम्ही साफसफाई केलेलं झाड दुसऱ्या दिवशी शेळीला आधी दिसतं. आडवी पाती बोटानं हलकेच बाजूला धरा, किंवा सोबत्याला धरायला सांगा, फोटो झाला की सोडून द्या. वेल गवताला वळसा घालून गेली असेल तर तेवढंही नको. स्वतःची जागा बदला. दोन इंच डावीकडे सरकल्यावर पातं बाजूला जातं, हे करून बघितल्याशिवाय पटत नाही.

आधी नोंदीचे फोटो

सुंदर फोटोच्या नादाला लागण्यापूर्वी ओळख पटवणारे फोटो काढून घ्या. पाऊस कधीही येईल आणि तेवढेच हाती राहतील. सेरोपेजियाच्या जाती एकमेकांना फसव्या इतक्या सारख्या दिसतात की नुसत्या फुलाच्या समोरच्या फोटोवरून जाणकारही ठाम सांगत नाहीत.

पहिला फोटो अख्ख्या झाडाचा. ते ताठ उभं वाढतंय की वेलीसारखं वळतंय हे त्यात स्पष्ट दिसलं पाहिजे. मग पानाचा वरून आणि खालून. पान उलटवू नका, कॅमेरा किंवा मोबाइल खाली नेऊन वर बघा. खोडावर आणि देठावर लव आहे की ते गुळगुळीत आहेत, हे दिसेल इतका जवळचा एक. एका पेऱ्यावर फुलं एक आहेत की झुपक्यानं, त्याचा एक. मग फूल: कडेनं पूर्ण नळी आणि फुगवट्यासह, पिंजऱ्याचा वरून, पाकळ्यांच्या कडांवरच्या केसांचा, आणि नळीच्या तोंडाशी रंगाचे ठिपके-पट्टे असतील तर त्यांचा. ऑक्युलाटा या जातीची ओळख अशा ठिपक्यांवरूनच सुरू होते, तर अटेन्यूएटाची लांब निमुळत्या टोकावरून. शेवटी मापाचा फोटो. पट्टी फुलाला न टेकवता त्याच्या बाजूला, त्याच अंतरावर धरून.

फुगवट्याच्या आतला भाग जात ठरवायला महत्त्वाचा असतो, आणि तो फूल चिरल्याशिवाय दिसत नाही. तो मोह टाळा. ते काम परवानगी असलेल्या संशोधकांचं. तुमच्याकडे बाहेरचे सगळे फोटो नीट असतील तर बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

फुलाचा मुख्य फोटो

थोडं गणित इथे कामाला येतं. फूल चार-पाच सेंटिमीटरचं, आणि फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारी पट्टी, ३६ मिलिमीटर लांब. म्हणजे अख्खं फूल चौकटीत बसवायचं तर ते सेन्सरवर साधारण अर्ध्या आकारात उमटतं. या आकाराला एफ ११ वर (हे लेन्सच्या छिद्राचं, म्हणजे अ‍ॅपर्चरचं माप) स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी साधारण चार मिलिमीटर असते. त्याहून जवळ जाऊन खऱ्या आकारात पिंजरा टिपायला गेलात तर ती मिलिमीटरच्या आसपास येते. म्हणून फूल चौकटीत तिरकं आलं की टोक स्पष्ट आणि फुगवटा धूसर, किंवा उलट, हे ठरलेलंच.

उपाय एकच: सेन्सर फुलाच्या नळीला समांतर ठेवा. फूल पुढे झुकलंय तर कॅमेराही तेवढाच झुकवा. फूल सरळ करायला हात लावू नका. नळीची आपल्याकडची कड आणि पिंजऱ्याच्या जवळच्या पाकळीची धार एका प्रतलात आणली की बाकीचं चालून जातं. अ‍ॅपर्चर एफ ८ ते एफ ११. त्याच्या पुढे, एफ १६-२२ ला, खोली वाढते पण बारकावे मऊ पडायला लागतात. शटर किमान १/२५० सेकंद, वारा असेल तर १/५००. त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ८००, १६००, जी लागेल ती द्या. फोटोतला रवाळपणा घरी कमी करता येतो, हललेलं फूल स्थिर करता येत नाही.

फोकस हातानं करा. स्क्रीनवर प्रतिमा मोठी करून पाकळीच्या कडेवरचे केस शोधा, ते स्पष्ट झाले की थांबा. कॅमेरा हातात असेल तर फोकसची कडी न फिरवता स्वतः कणभर पुढेमागे झुलत पाच-सहा फोटोंची सरबत्ती सोडा, त्यातला एक नेमका बसतो. वारा पूर्ण पडला असेल आणि कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर टेकला असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत दहा-बारा फोटो काढून घरी एकत्र जोडता येतात. सह्याद्रीच्या पावसाळ्यात अशी संधी फार मिळत नाही, आणि जोडलेल्या फोटोत हललेल्या केसांच्या दुहेरी रेघा फार वाईट दिसतात. मला तर चार मिलिमीटरच्या मर्यादेत काढलेला एकच साधा फोटो जास्त पटतो.

पार्श्वभूमीसाठी वेगळं काही करायला लागत नाही, फक्त खाली जा. वरून काढलेल्या फोटोत हिरवट फूल हिरव्या गवतात हरवतं. कॅमेरा फुलाच्या पातळीला आणला की मागे दूरचा उतार किंवा धुकं येतं आणि नळीची कडा सुटी दिसायला लागते.

वारा, धुकं, उजेड

वाऱ्याला छत्री. सोबत्यानं ती उघडून वाऱ्याच्या बाजूला, झाडापासून दीड-दोन हात अंतरावर धरायची, जमिनीला टेकवायची नाही. पठारावरचा वारा सलग वाहत नाही. झोत येतो, मग दोन-तीन सेकंद शांतता. बोट बटणावर ठेवून त्या शांततेची वाट बघायची. घाई करून उपयोग नाही, फूल तुमच्या वेळेवर थांबत नाही.

धुक्यात कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं. मागे पांढरं धुकं असेल तर कॅमेरा फोटो काळपट करतो, तेव्हा एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवा. मागे ओला काळा कातळ असेल तर तेवढंच कमी करा, नाहीतर फिकट पाकळ्या जळतात. रंगही निळसर येतात. रॉ फाइल काढत असाल तर घरी दुरुस्त करता येतं, जेपेगच काढायचं असेल तर व्हाइट बॅलन्स ढगाळ हवामानावर ठेवा. थंड गाडीतून किंवा पिशवीतून कॅमेरा काढल्यावर काचेवर दमट वाफ धरते. पुसत बसू नका, लेन्स पाच-दहा मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या.

फ्लॅश वापरायला हरकत नाही, पण मऊ करून. समोर पातळ पांढरं कापड किंवा डिफ्युझर लावा आणि फ्लॅश लेन्सपासून बाजूला काढून धरा. कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश धुक्यात उडवला की हवेतले थेंब पांढऱ्या डागांसारखे उमटतात. माझा कल मात्र पुठ्ठ्याच्या परावर्तकाकडे जास्त. फुलाच्या खालून हलका उजेड वर टाकला की फुगवटा उठून दिसतो.

आणि एक फोटो जरूर करून बघा: मागून येणाऱ्या उजेडातला. ऊन क्षणभर फाकलं की फूल तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असं बसा. पातळ फुलांच्या जातींत तळाचा फुगवटा उजळतो आणि आत माशी अडकली असेल तर तिची सावली दिसते. फूल न चिरता सापळ्याच्या आतलं दाखवणारा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

मोबाइलवाल्यांसाठी

मोबाइलनं उत्तम काम होतं, पण मॅक्रो मोड बंद करून. तो मोड बहुतेक फोनमध्ये अतिरुंद लेन्स चालू करतो, आणि त्या लेन्सला फुलापासून दोन-चार सेंटिमीटरवर यावं लागतं. फोनची सावली फुलावर पडते, नळी वेडीवाकडी ताणलेली दिसते आणि हात हलला की फोन थेट फुलाला लागतो. त्याऐवजी २एक्स किंवा ३एक्सवर ठेवून एका वितीवरून काढा, मग हवं तेवढं कापून घ्या. स्क्रीनवर फुलाला बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. नाहीतर फोन मागच्या गवतावर फोकस करत राहतो. रंग भडक करणाऱ्या सुधारणा बंद ठेवा. जांभळट छटा गुलाबी झाली की ओळखीचा घोटाळा होतो.

कड्यावरची झाडं

काही जाती, आणि याच कुळातलं शिवसुमन, म्हणजे फ्रेरिया इंडिका, कड्यांच्या कपारीत वाढतात. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या नावावरून वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेलनं फ्रेरिया हे नाव दिलं. शिवनेरी, पुरंदर अशा किल्ल्यांच्या कड्यांवर ते अजून तग धरून आहे, याचं मुख्य कारण तिथे गुरं आणि माणसं पोचत नाहीत हेच. आपणही पोचायचा प्रयत्न करू नये. ओल्या कड्यावर दोर लावून फोटो काढण्याची मर्दुमकी अंगाशी येते, आणि घसरणारा पाय कपारीतली माती घेऊन खाली जातो. ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स घेऊन वाटेवरून किंवा तटावरून जे मिळेल ते घ्या. चांदणीसारखं गडद किरमिजी फूल आणि त्यावर पिवळे ठिपके अशी ही जोडी मीटरला गोंधळात टाकते. किरमिजी रंगाचा पोत हवा असेल तर एक्स्पोजर किंचित वाढवा, पण पिवळे ठिपके पांढरे पडत नाहीत ना, ते कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात (हिस्टोग्राममध्ये) तपासा.

घरी आल्यावर: जागा लपवणं

फोटोत आणि फोटोबरोबर जागेचा पत्ता किती जातो, याची बऱ्याच जणांना कल्पना नसते. मोबाइलमध्ये कॅमेऱ्याला स्थानाची परवानगी दिलेली असेल तर अक्षांश-रेखांश फाइलमध्येच लिहिले जातात. स्वतःच्या नोंदीसाठी ते उपयोगी आहेत, म्हणून मी ते काढताना बंद करत नाही. बाहेर द्यायची प्रत मात्र वेगळी करून तिच्यातून ते पुसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून पडते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जशीच्या तशी जाते. आणि "क्वालिटी जाते हो" म्हणून आपण नेमकं तेच करतो.

दुसरा पत्ता चित्रातच असतो. रुंद लेन्सनं काढलेला, पुढे फूल आणि मागे डोंगररांग असा फोटो सगळ्यात देखणा होतो. पण मागे सिंहगडाचा टीव्ही टॉवर किंवा कोकणकड्याची धार दिसली की ओळखणारा कुठल्या वाटेवर, कुठल्या वळणावर ते सांगू शकतो. असा फोटो काढा, संशोधकांना द्या, स्वतःच्या भिंतीवर लावा. फेसबुक-इन्स्टाग्रामवर टाकायचा तर मागे धुकं असलेला निवडा. मजकुरात "सह्याद्री, महाराष्ट्र" एवढं पुरे. किल्ल्याचं नावही नको, आणि "लोकेशन प्लीज" अशा प्रतिक्रियेला उत्तर न देणं हा उद्धटपणा नाही.

आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त म्हणून नोंद असलेल्या जातींचं नेमकं ठिकाण आपोआप अस्पष्ट केलं जातं. सुमारे वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी, एवढंच इतरांना दिसतं. पण ओळख अजून पटलेली नसेल आणि तुम्ही नुसतं "सेरोपेजिया" लिहून टाकलंत तर हे संरक्षण मिळेलच असं नाही. म्हणून अपलोड करतानाच स्थानाची सेटिंग स्वतः अस्पष्ट करा.

नेमकी जागा कळवायचीच तर ती वनविभागाला, पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयाला, किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागाला. या विभागात सेरोपेजियाचा अभ्यास आणि जतनाचं काम बरीच वर्षं झालेलं आहे. त्यांना फोटोंबरोबर तारीख, उंची, उताराची दिशा, जमीन कातळाची की मातीची, फुललेली झाडं किती आणि न फुललेली किती, गुरांच्या किंवा उकरल्याच्या खुणा होत्या का, एवढं लिहून पाठवा.

मग ऑक्टोबरच्या अखेरीला त्याच वाटेनं एकदा परत जा. गवत पिवळं पडलेलं असेल आणि फूल नसल्यामुळे झाड शोधायला दुप्पट वेळ लागेल. शिंगांसारख्या बारीक, जोडीनं येणाऱ्या शेंगा आहेत का बघा. कडेनं एक फोटो, पट्टीसह एक, आणि शेंग फुटली असेल तर रेशमी झुपक्यासह बियांचा एक. बिया गोळा करून घरी कुंडीत लावायचा विचार सोडून द्या. फुललेल्या झाडांपैकी किती झाडांवर शेंगा धरल्या, तो आकडा मोजून ऑगस्टच्या नोंदीखाली लिहा आणि तोही त्याच पत्त्यावर पाठवून द्या.